एक्केचाळीस अडथळे

प्रश्न १. मार्गाची एकूण लांबी व सर्वाधिक चढ लिहा.

मुकादमाने पहार मुळाखाली घातली आणि तिच्यावर सगळं वजन टाकलं. मूळ हललं नाही. त्याने टाचेने माती चाचपली, पहार वीतभर पुढे सरकवली आणि पुन्हा रेटा दिला. या वेळी जमिनीतून ओला, चिरकणारा आवाज आला आणि मनगटाएवढं जाड मूळ उसळून वर आलं.

"हे शेवटचं ना, ताई?"

ओव्हरसियरने वहीत पाहिलं. एक्केचाळिसावी नोंद: तळ्याच्या अलीकडे आडवं मूळ, डाव्या अंगाला जाड. तिने पुढे बरोबरची खूण केली.

"शेवटचं."

"एवढं एक ठेवायचं होतं. जंगलात आल्यासारखं तरी वाटलं असतं."

"बाबांच्या पायात येतं ते. तुम्ही पडलात तर कपडे झटकाल. ते पडले तर खुब्याचं हाड."

"मग मेलं ते बरंच झालं," असं म्हणून मुकादमाने मूळ झाडीत भिरकावलं.

तिने वाकून पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध आला नाही, पण यायचाही नव्हता. जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. वीस मीटरला एक मीटर. पूर्वी इथे सात मीटरला एक मीटर असा उभा चढ होता. तो मोडून तिने दोन लांब वळणं काढली. दर पन्नास मीटरवर विसाव्याची गोल जागा केली, म्हणजे व्हीलचेअर सहज वळेल. दगडाचा बारीक कच अंथरून रोलर फिरवला. कडेला मात्र बांध घातला नाही. बांध घातला की पाणी साचतं. वाट दोन्ही अंगांना जमिनीशी सपाट ठेवली की पाणी आपोआप निघून जातं. फाटकापासून तळ्यापर्यंत सहाशे चाळीस मीटर. तीन वर्षं अर्ज, चार महिने काम.

फाटकाला लागूनच तिचं घर होतं. नऊ वर्षांपूर्वी काचबिंदूने बाबांची नजर गेली, तरी रोज संध्याकाळी ते काठी घेऊन जुन्या वाटेने तळ्यापर्यंत जात, अर्धा तास बसत आणि परत येत. कुणाचाही हात न धरता ते जात असत अशी तेवढी एकच जागा उरली होती. चार महिने तीही बंद होती.

"दोन आठवड्यांनी, सोमवारी तपासनीस येतील," साहेबांनी फोनवर सांगितलं होतं. "एक चाकावरचा आणि एक अंध, अशा दोन माणसांनी वाट एकट्याने वापरलेली पाहिजे. तपासणीच्या फॉर्मवर दोन्ही सह्या पाहिजेत. एक जरी कमी पडली तर फाटकाला कुलूप, आणि पुढच्या हंगामाचं पुढच्या हंगामात बघू."

प्रश्न २ व ३. लागू नाही.

प्रश्न ४. व्हीलचेअरवरील व्यक्तीचा अभिप्राय.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढल्यामुळे सगळे त्यांना एक्सचेंजबाई म्हणत. पाठीचं ऑपरेशन फसलं त्याला अकरा वर्षं झाली होती. त्यांनी बोटं कापलेले हातमोजे चढवले, चाकांवर हात ठेवले आणि फाटकातून आत शिरल्या.

पहिल्या वळणावर मुकादमाचा हात सवयीने खुर्चीच्या मुठीकडे गेला.

"हात मागे. ही काय भाजीची गाडी आहे?"

"नाही, म्हटलं चढ आहे..."

"चढ आहे ते माझ्या खांद्यांना कळतंय. तुम्ही तुमचे खिशात ठेवा."

विसाव्याच्या चौथ्या जागेवर त्या थांबल्या. कपाळावरचा घाम बाहीने टिपला, खुर्ची जागच्या जागी गर्रकन फिरवून पाहिली आणि पुन्हा निघाल्या. ओव्हरसियर बरीच मागे राहून चालत होती. आधी तिने वही हातात धरली होती. मग काखेत धरली.

तळं आलं. एक्सचेंजबाईंनी ब्रेक लावला.

"शेवाळलेलं डबकं आहे हो हे," त्या म्हणाल्या. "लोक उगाच कौतुक करतात."

मग चाळीस मिनिटं त्या हलल्या नाहीत. मुकादमाने दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ओव्हरसियरने मान हलवून त्याला परत पाठवलं. शेवटी बाईंनी मागे न बघता हात पसरला.

"पेन."

सही इतकी दाबून केली की मागच्या पानावर उमटली.

प्रश्न ५. अंध व्यक्तीचा अभिप्राय.

संध्याकाळी बाबा बूट घालून दारात उभे होते.

"चल."

"मी? तुम्ही तर एकटे जाता."

"पहिला दिवस आहे. नवी नवरी आहे ती, ओळख करून दे."

त्यांनी तिचं कोपर धरलं. एरवी दवाखान्यातसुद्धा ते तिचा हात झटकत. ती पाऊल आखडतं घेऊन चालू लागली.

"खळगा कुठे गेला?"

"भरला."

"आणि तो ओला दगड?"

"फोडला, बाबा. आता कुठेच ठेच लागणार नाही."

"हं."

तळ्यावर बाकाला हात लागल्यावर ते बसले. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," ते म्हणाले. "माझ्या लेकीने सहाशे चाळीस मीटर दिले. झक्कास."

ती हसली. घरी आल्यावर तिच्या बाहीला चार बोटांच्या खोल चुण्या पडलेल्या होत्या. तिने त्या तळहाताने सारख्या केल्या.

सहीच्या ओळीखाली तिने फूटपट्टी धरली. पट्टीच्या कडेने बाबांनी सही केली, अजूनही ऐटबाज, खालच्या रेघेसकट.

"आठव्या प्रश्नात विचारलंय, एकट्याने जाता येतं का. उद्या एकदा जाऊन या, मग लिहिते."

"अगं, हो लिही म्हणतो ना. चाळीस वर्षं वखारीत लाकडं मोजली मी. वाट कशी झाली ते मला कळत नाही का?"

तिने 'हो' लिहिलं.

दुसऱ्या दिवशीही ते दारात तयार होते. तिसऱ्याही. ती ऑफिसातून लवकर निघू लागली. चालताना बाबा बोलत, वखारीतले किस्से सांगत, आईने एकदा मालकालाच कसं फैलावर घेतलं ते सांगत.

"नऊ वर्षांत इतकं बोलले नव्हते," ती मुकादमाला म्हणाली.

"म्हातारपणी माणूस मऊ होतं, ताई. भिजवून ठेवलेल्या कणकेसारखं."

प्रश्न ५. (जागा अपुरी पडल्यास मागे लिहावे.)

नवव्या दिवशी तिला मुख्य ऑफिसला जावं लागलं. परत आली तेव्हा बाबा रेडिओ लावून खुर्चीत बसले होते. धुण्यात टाकायला तिने त्यांची पँट उचलली आणि तिची बोटं टोचली. गुडघ्यापर्यंत कुसळं. वाटेच्या दोन्ही अंगांना मीटरभर अंतरापर्यंतचं गवत तिने स्वतः उभं राहून काढवून घेतलं होतं.

"बाबा, गवतात कुठे गेला होतात?"

"बसलो होतो जरा."

"बाक आहे की."

"कडक आहे तो."

त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. बटण फिरवणारा तळवा खरचटलेला होता आणि रेषांमध्ये सालीवरचं हिरवं शेवाळ अडकलेलं होतं. ती एकेक कुसळ उपटून वाटीत टाकत राहिली.

सकाळी एक्सचेंजबाई विसाव्याच्या सहाव्या जागेवर भेटल्या. मुकादम जवळच माहितीफलकासाठी खड्डा खणत होता.

"मावशी, काल बाबा..."

"मी काही सांगणार नाही. शब्द दिलाय." त्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "त्यांच्याबद्दल नाही, पण तुझ्या वाटेबद्दल सांगते. चालेल?"

"सांगा."

"ही जागा तू गोल केलीस. मला छान. पण समज, एखादा काठीने कचाची कडा चाचपत चाललाय. कडा त्याला आत घेते, गोल फिरवते आणि बाहेर सोडते. कुठल्या तोंडाने?"

ओव्हरसियरने गोल कडेवरून नजर फिरवली.

"समज तो तीनदा फिरला. समज मग वैतागून त्याने कडा सोडली आणि नाकासमोर चालू लागला. पायाखाली इथेही पाचोळा, तिथेही पाचोळा. मध्ये ना बांध, ना दगड. काठीला काय कळणार?"

"किती आत गेले?"

"समज तीस पावलं. झाडाला मिठी मारून उभा. हाक मारली नाही हो, एकदासुद्धा. मी तळ्यावरून येत होते म्हणून दिसला. माझी चाकं वाटेवरून उतरत नाहीत, म्हणून इथूनच बोलत राहिले, आवाजाच्या रोखाने या म्हटलं. एकतीस वर्षं लोकांना न बघता जोडून दिलं, त्यात हा एक."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, मुलीला सांगू नका. माझ्यासाठी बांधलीय तिने."

बाईंच्या लक्षात आलं तसं त्यांनी जीभ चावली.

मुकादमाने खड्ड्यातून डोकं वर काढलं. "एवढंच ना? मग आंधळ्या-लंगड्याची गोष्ट आहेच की. वखारवाल्यांनी खुर्ची ढकलायची, तुम्ही वाट सांगायची."

"ती गोष्ट रचणारा ना आंधळा होता, ना लंगडा," एक्सचेंजबाई म्हणाल्या. "मला एकटीला जायचंय. त्यांना एकट्याला जायचंय. तुम्ही खड्डा खणा."

प्रश्न ७. मार्गावरून काढलेल्या अडथळ्यांची यादी जोडा.

तिने वही उघडली.

हिवाळ्यात एका दुपारी तिने विचारलं होतं, बाबा, वाटेत काय काय लागतं ते सांगा, मला लिहून घ्यायचंय. बाबा खुर्चीत सरळ झाले होते. दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवून ते सांगू लागले होते:

फाटकातून बारा पावलं गेलं की मऊ माती लागते, तिथून वाट उजवीकडे वळते. मग दोन चपटे दगड. पहिला डुगडुगतो. डुगडुगला की समजायचं, आता चढ आला. चढावर मुळं, पायऱ्यांसारखी, पाच. पाचवीवर डाव्या गालाला वारा लागतो, झाडी विरळ आहे ना तिकडे. पुढे खळगा. पावसात पाणी, उन्हात पाचोळा, दोन्हीचा आवाज वेगळा. मग तो दगड, कायम ओला, भर उन्हाळ्यातसुद्धा. त्याला उजव्या हाताला ठेवायचं. चुकून डावीकडे गेला तर मागे फिरायचं, चार पावलं, जास्त नाही...

बोलताना ते एक पंजा थोडा पुढे सरकवत, मग दुसरा. टेबलाची कड आली तसे थांबले होते.

"झालं?" तिने विचारलं होतं.

"तळं आलं ना."

आता ती पानं उलटत गेली. मऊ माती: खचते. पहिला दगड: हलतो, धोकादायक. मुळं, पाच: काढणे. खळगा: भरणे. ओला दगड: निसरडा, फोडणे. बाबांच्या तोंडी कुठेतरी 'त्रास' असेल, 'पडलो' असेल, म्हणून तिने पुन्हा सुरुवातीपासून पाहिलं. नव्हतं. 'अडथळे' हा शब्द फक्त पानाच्या डोक्यावर होता, तिच्या अक्षरात, खाली दोन रेघा मारलेला.

तिने पहिल्या खुणेवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या. एक्केचाळीसपर्यंत पोचायला बराच वेळ लागला.

प्रश्न ८. वरील दोन्ही व्यक्तींना मार्ग एकट्याने वापरता येतो काय?

शनिवारी तिने 'हो' खोडून 'नाही' लिहिलं. बाबांच्या सहीवर एक सरळ रेघ ओढली, बाजूला स्वतःची आद्याक्षरं घातली आणि साहेबांना फोन लावला.

"तुमचे वडील हो म्हणतायत आणि तुम्ही नाही?" साहेब म्हणाले.

"कारण ते खरं नाही."

"मग काय, घाला कुलूप."

रविवारी सकाळी तिने फाटकाला साखळी लावली. तिला हलकं वाटलं. रात्री झोपही बरी लागली होती.

आठ वाजता एक्सचेंजबाई आल्या. त्यांनी साखळी हातात घेऊन पाहिली, जणू ती खरी आहे की नाही ते बघत होत्या.

"हे काय?"

"उद्याचं रद्द झालं, मावशी. बाबांना या वाटेने..."

"कधीपर्यंत रद्द?"

"पुढच्या हंगामात बघू म्हणाले."

"पुढच्या हंगामात मी असेन, असं लिहून देतेस?" त्यांचा आवाज चढला नाही; उलट खाली गेला. "अकरा वर्षांनी मला तळं मिळालं. किती दिवस? मोजायलासुद्धा दोन हात पुरले. वखारवाले नाही म्हणाले का?"

"ते हो म्हणाले होते. मीच खोडलं."

मागे पायरीवर काठी वाजली.

"काय खोडलंस?" बाबांनी विचारलं.

"बाबा, आपण आत जाऊन बोलू."

"काय खोडलंस ते इथेच सांग."

"तुमची सही."

बाबा एक पायरी उतरले. "डोळे गेलेत माझे. हात शाबूत आहेत ना? मग माझी सही खोडायला तू कोण?"

"तुम्ही खोटं लिहायला लावलंत मला. तुम्हाला या वाटेने एकट्याने जाता येत नाही."

"नाही येत."

ते अगदी सरळ म्हणाले.

"नाहीच येत," ते पुन्हा म्हणाले. "पण ते मी सांगेन. नाहीतर नाही सांगणार. तू भरभर लिहून घेतेस गं. तेव्हाही घेतलंस, आत्ताही."

एक्सचेंजबाई साखळीची एकेक कडी बोटांवरून सोडत होत्या.

"आण तो कागद," बाबा म्हणाले.

तिने आणला.

"वाच. पहिल्यापासून. माझ्या नावावर काय काय घातलंयस ते तरी कळू दे."

ती वाचू लागली. लांबी, चढ. अभिप्राय. यादीपाशी ती अडखळली, तशी बाबांनी मान हलवून तिला पुढे जायला सांगितलं नाही. ते वाट बघत राहिले. तिने एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नोंदी वाचल्या. ओल्या दगडापाशी त्यांचा उजवा हात किंचित बाजूला झाला.

प्रश्न ११. इतर शेरा.

"यात काय लिहिलंयस?"

"काही नाही. रिकामं आहे."

बाबा फाटकाच्या दिशेने वळले. "बाई, तुमच्या चाकाला केवढा दगड चालतो?"

"दगड मुळीच नाही चालत."

"दगड नको. माझ्या पायाला खूण लागेल असं काहीतरी आडवं. केवढं चालेल?"

"बोटांत सांगू की मिलिमीटरमध्ये?"

"सुतात सांगा. आमच्या वखारीत एका इंचाची आठ सुतं."

एक्सचेंजबाईंनी क्षणभर हिशेब केला. "दोन सूत. त्याच्यावर गेलात तर माझा खांदा निखळेल आणि मग मी तुमच्या नावाने बोंब मारेन."

"दोन सूत," बाबा पुटपुटले. अंगठा तर्जनीवर घासत त्यांनी ती जाडी मनाशी पाहिली. चेहऱ्यावर समाधान वगैरे काही आलं नाही.

माहितीफलक ज्या खोक्यातून आला होता त्याच्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. ओव्हरसियरने त्यातली एक पातळ पट्टी निवडली, कडेला मोजपट्टी लावली. दोन सुतांना थोडी कमी. तिने साखळी सोडली आणि पट्टी वाटेवर आडवी ठेवली.

एक्सचेंजबाई आधी गेल्या. टक, टक. पुढची चाकं, मग मागची. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

बाबा दोन्ही पायांनी पट्टीवरून गेले आणि थांबले. बुटाचा तळ जाड होता. ते मागे आले, कमरेत वाकून उजवा बूट काढला, मोजा काढून त्यात कोंबला. पाऊल पांढरं आणि मऊ होतं, बरेच दिवस जमिनीला न लागलेलं. ते कचावरून सावकाश पुढे सरकलं आणि पट्टीच्या कडेला टेकलं.

"इथे?"

"हो," ती म्हणाली.

"तुझा श्वास बदलला, म्हणून कळलं. उचल. दुसरीकडे ठेव आणि लांब जाऊन उभी राहा. बाई, तुम्हीही काही बोलायचं नाही."

"मी लाइनवर नाहीच," एक्सचेंजबाई म्हणाल्या आणि त्यांनी तळहात तोंडावर ठेवला.

तिने पट्टी उचलली, वळणाच्या बरीच पुढे नेली आणि आवाज न करता खाली ठेवली. मग पाचोळ्यात उतरून ती एका झाडामागे गेली.

बाबांनी दुसराही बूट काढला.